दवंडीवालीनं न उच्चारलेला शब्द

फार पूर्वी, जहाजं फक्त शिडांवर चालत तेव्हा, समुद्राकाठच्या एका नगरात म्हाळसा नावाची दवंडीवाली राहत होती. तिचा आवाज असा खणखणीत की बंदरात हाक दिली तर टेकडीवरचे गुराखीसुद्धा थांबून ऐकत.

त्या दिवशी राणीचं नवं गलबत पहिल्यांदा समुद्रात जाणार होतं. ताशे वाजत होते, धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाळसाचा थोरला भाऊ खलाशी होता. तो डोलकाठीवर चढून बहिणीला हात करत होता.

इतक्यात 'काड्' असा आवाज झाला. धक्क्याला बांधलेला दोर तुटला! लाटांनी गलबत उचललं आणि सरळ खडकांवर आपटलं. लोकांनी पोहत जाऊन खलाशांना बाहेर काढलं, पण म्हाळसाच्या भावाचा पाय मोडला होता.

"पहाटे मी रवळू दोरवाल्याला कोयता घेऊन इथं पाहिलं!" एक पहारेकरी ओरडला.

झालं! "दगाबाज! दोर त्यानंच कापला!" म्हणत लोक धावले आणि रवळूला फरफटत घेऊन आले.

कोतवाल म्हाळसाला म्हणाला, "पीट दवंडी! रवळू दोरवाला दगाफटक्याचा दोषी ठरला आहे."

त्या नगरात अशी दवंडी फिरली की दोषी माणसाच्या घराला कुलूप लागे आणि त्याच्या बायकामुलांना त्याच दिवशी वेशीबाहेर काढत.

म्हाळसानं भावाकडे पाहिलं. तो वेदनेनं तळमळत होता. तिला रवळूचा भयंकर राग आला. तरी तिनं विचारलं, "कोतवालसाहेब, ठरला म्हणजे? कुणी ठरवलं?"

"अख्ख्या नगरानं! दिसत नाही का?"

"आणि न्यायाधीशांनी?"

"ते दुपारी बसतील. तू आत्ता पीट."

म्हाळसानं ढोल गळ्यात अडकवला आणि ती एका दमात ओरडली, "ऐका हो ऐका! रवळू दोरवाल्यावर दोर कापल्याचा आरोप आहे! दुपारी न्यायसभा आहे! ज्यानं जे पाहिलं असेल, त्यानं ते येऊन सांगावं!"

लोक खवळले. कुणी चिखल फेकला. "स्वतःच्या भावाची तरी लाज धर!" असंही कुणी म्हणालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गल्लोगल्ली तिनं तेच शब्द उच्चारले.

दुपारी न्यायसभेत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. पहारेकऱ्यानं कोयत्याची हकीकत सांगितली. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक म्हातारी कोळीण पुढे आली. धापा टाकत म्हणाली, "दवंडी ऐकून आले, महाराज. हे माझ्या जाळ्यात अडकलं होतं."

तुटलेल्या दोराचं टोक होतं ते! न्यायाधीशांनी ते उजेडात धरलं. कोयत्याचा घाव कुठेच नव्हता. धागे विस्कटलेले, आणि आतला काथ्या काळा, कुजका.

रवळूचा चेहरा पडला. "मी कापला नाही, महाराज," तो रडत म्हणाला. "चांगला काथ्या संपला, म्हणून आत जुना भरला. पहाटे मला राहवेना. तो दोर काढून दुसरा बांधावा म्हणून कोयता घेऊन गेलो. पहारेकरी दिसला आणि भीतीनं परत फिरलो. कुणाला बोललो नाही."

न्यायाधीश उभे राहिले. "दगाफटका सिद्ध झाला नाही. त्या आरोपातून रवळू सुटला. मात्र कुजका दोर दिला आणि धोका ठाऊक असून तो गप्प बसला, हा गुन्हा सिद्ध झाला आहे. तेवढ्याचा तो दोषी. वर्षभर कैदेत राहून त्यानं नव्या गलबताचे दोर वळावेत. त्याच्या घराला कुणी हात लावायचा नाही."

म्हाळसानं तीच दवंडी पिटली, शब्दाला शब्द.

घरी भाऊ विचारू लागला, "म्हाळसे, शेवटी तो दोषीच ठरला ना? मग सकाळीच म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"दादा," भावाचा पाय हलकेच उशीवर ठेवत ती म्हणाली, "जे त्यानं केलंच नाही, त्यासाठी त्याची पोरं आत्ता वेशीबाहेर उभी असती. आणि तुझा पाय खरा कशानं मोडला, हे कुणालाच कळलं नसतं. पुढच्या गलबतालाही कुजकाच दोर लागला असता."

भाऊ म्हणाला, "त्याच्या घरी आज चूल पेटली नसेल. आपल्यातलं थोडं देऊन ये."

तात्पर्य एवढंच: बोट दाखवल्यानं कुणी दोषी होत नाही. पुरावा पाहून, त्याचंही ऐकून न्याय जेवढं ठरवतो, तेवढ्याच गुन्ह्याचा तो दोषी; त्याहून तसूभरही जास्त नाही.