गुहेचा स्वतःचा उजेड

एकदा एका वृद्ध ठसेकाराचे गुडघे इतके थकले की डोंगर चढणे कायमचे सुटले. लाकडी फळीवर चित्र कोरायचे, तिला शाई लावायची आणि कागदावर ठसा उमटवायचा, हे त्यांचे जन्मभराचे काम. सारे त्यांना आबा म्हणत. ज्या गुहेने तरुणपणी त्यांना या कलेची ओढ लावली, ती आता दोन डोंगरांपलीकडे राहिली होती. तिच्यासाठी म्हणून बारा वर्षे सावलीत सुकवलेली शिवणीच्या लाकडाची एकच फळी त्यांनी जपली होती.

"पोरी," ते शिष्येला म्हणाले, "मला ती गुहा एकदा घरी आणून दे. जमलं, तर ही फळी तुझी."

शिष्या त्याच सकाळी निघाली. थांबणे तिच्या स्वभावात नव्हते. ढगांत बुडालेले कडे, कारवीचे ओले रान, पायाखाली मऊ होत गेलेली वाट. तिला वाटले, आपण जागेपणीच कुणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत. गुहेत मात्र तिने विजेरीचा झोत भिंतीभिंतीवर फिरवला आणि दिसेल ते वहीत उतरवले. खांब, पाण्याचे टाके, उलटी लटकलेली वटवाघळे, छताची भेगन् भेग. परतल्यावर तीन दिवसांत तिने ते सारे साध्या आंब्याच्या फळीवर कोरले आणि ठसा आबांपुढे धरला.

आबांनी तो बराच वेळ पाहिला. "काय गं, गुहेत दिवाळी होती काय?"

"म्हणजे?"

"केवढा हा उजेड! वटवाघळं बिचारी दिपून गेली असतील. आणि कपाळाला हे टेंगूळ कसलं?"

"गुहेचं तोंड बुटकं आहे ना, आपटलं डोकं. ते जाऊ द्या, आबा. काय राहिलं ते सांगा, तेही कोरते. पण आता ती शिवणीची फळी द्या."

आबा उठले. त्यांनी फळी कापडातून काढली आणि तिच्यावर एकही रेघ न कोरता शाईचा रूळ फिरवला.

"आबा! अहो, ती फळी!"

त्यांनी शांतपणे कागद ठेवला, चोळला, उचलला आणि तो काळाभोर कागद तिच्या हाती दिला. "ही घे गुहा."

"थट्टा करताय माझी?" तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"नाही गं. न कोरलेली फळी म्हणजे निव्वळ काळोख. पटाशीने लाकूड काढावं, तिथेच कागद पांढरा राहतो. म्हणजे आपण कोरतो तो उजेड. तू आपला उजेड बरोबर नेलास आणि तोच कोरून आणलास. गुहेजवळ स्वतःचा किती आहे, हे तिला विचारलंच नाहीस. काढलेलं लाकूड पुन्हा बसवता येत नाही, पोरी."

दुसऱ्या दिवशी ती विजेरी फडताळात ठेवून गेली. गुहेच्या तोंडाशी, आत पाहत, दिवसभर बसली. बराच वेळ नुसता काळोख होता. तो हळूहळू श्वास घेऊ लागला. दुपार कलली तेव्हा गुहेच्या बुटक्या तोंडावरच्या कपारीला एक फिकट कड फुटली, आणि खूप आत, टाक्यातल्या पाण्यावर, उजेडाचा एक कण येऊन टेकला.

परतल्यावर, शाईने काळ्या झालेल्या त्याच शिवणीच्या फळीवर तिची पटाशी मोजकीच चालली. प्रत्येक घावाआधी हात थांबत होता. त्या थांबण्याचा तिला राग येत नव्हता.

आबांनी नवा ठसा खिडकीशी नेला. सारा काळोख, वर कपारीची एक वाकडी कड, आत एक कण. कागद डोळ्यांजवळ नेता नेता त्यांनी नकळत मान खाली घातली, बुटक्या दारातून आत शिरताना घालतात तशी.

शिष्येचा हात आपसूक कपाळावरच्या टेंगळाच्या खुणेकडे गेला. तिने श्वासही जपून घेतला. आबा आत पोहोचले होते.