उष्ट्या पत्रावळींवरचा वेल

घाटाच्या पायथ्याशी आंबेझरी नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या उगवतीला, ओढ्याच्या काठी सहजबुवा महाराजांचा मठ होता. महाराजांना मठ असा कधी बांधायचाच नव्हता. ते आपले एका चिंचेखाली येऊन बसले. ऊन लागू नये म्हणून कुणी कुडाच्या भिंती घातल्या, कुणी पुढे ओटा बांधला, आणि बघता बघता मठ उभा राहिला. मठ म्हटला की कोठी आली आणि कोठी म्हटली की कारभारी आलाच. विसाजीपंत हे ते कारभारी. माणूस हाताचा स्वच्छ, सोवळ्याओवळ्याला कडक. पण हा मठ आपल्यामुळेच चालला आहे, असे त्यांना मनातून वाटे. काय करावे! भल्याभल्यांना ही बाधा होते.

मठामागच्या खोपटात गोजराबाई राहत असे. ती मठाची भांडी घासायची. तिच्या खोपटाभोवतीची जागा म्हणजे निव्वळ मुरूम. कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या याव्यात, अशी ती जमीन! पण गोजराबाई चिकाटीची. तिने तिथे कमरेइतका खड्डा खणला आणि त्यात चुलीची राख, भाज्यांची साले, शेण, चिंचेचा पाला, देवावरचे निर्माल्य असे हाताला लागेल ते टाकू लागली. भंडाऱ्याची पंगत उठली की लोक उष्ट्या पत्रावळी ओढ्यात फेकत. त्याही तिने गोळा करून आणल्या. खड्डा भरला की वर माती पसरायची, पाणी शिंपडायचे आणि सहा महिने त्याला हात लावायचा नाही. तयार झालेले खत ओंजळीओंजळीने मुरमात कालवायचे. सात वर्षे हे चालले होते. दर वर्षी भाजी थोडी वाढे, आणि सातव्या वर्षी तिच्या परसात वांगी, घेवडा, दोडकी अशी लागली की बघणाऱ्याने बघत राहावे.

दर गुरुवारी तिची भाजी मठातल्या पादुकांच्या नैवेद्याला जाई. तिच्याजवळ देवाला द्यायला दुसरे होते तरी काय? महाराज ताटावर बसले की विचारत, "आज गोजराबाईंनी काय पाठवलंय?" आतल्या मोरीवर भांडी घासताना तेवढे शब्द कानावर पडले की बाईचा आठवडा सुखाचा जाई.

त्या वर्षी दिवाळीनंतर महाराज खेड्यापाड्यांतून फिरायला गेले. पुढचाच गुरुवार. गोजराबाई घेवड्याची टोपली घेऊन कोठीच्या दाराशी आली, तर विसाजीपंतांनी उपरण्याने नाक झाकले.

"ए गोजरे, ही भाजी कशावर वाढवलीस?"

"खड्ड्यातल्या खतावर, पंत."

"आणि खड्ड्यात काय असतं? चारचौघांच्या उष्ट्या पत्रावळी! ती घाण खाऊन वाढलेला घेवडा पादुकांपुढं ठेवू? घेऊन जा. आणि ऐक, भंडाऱ्याच्या आत तो उकिरडा बुजला पाहिजे. परगावची माणसं येतात, काय म्हणतील?"

कोठीतले चारदोन जण हसले. एक जण म्हणाला, "बाई, उकिरड्यालाच नैवेद्य दाखव की!" गोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती टोपली पदराखाली घेऊन परत फिरली आणि खड्ड्याच्या काठाशी बसून पोटभर रडली. भाजी परत आली याचे दुःख होतेच. पण सात वर्षे आपण देवाला उष्टे खाऊ घातले की काय, ही शंका तिचे काळीज कुरतडू लागली.

खड्ड्याच्या कडेला भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवून खोपटावर चढला होता. त्याला तीन लाल भोपळे धरले होते. महाराज येईपर्यंत ते पिकू देत, मग बुजवू, असे म्हणून ती एकेक दिवस ढकलू लागली.

इकडे विसाजीपंतांनी मठाच्या बागेकडे मोर्चा वळवला. भंडाऱ्याला या बागेतली वांगी लागत. यंदा ती पाहून लोकांनी तोंडात बोट घातले पाहिजे, या ईर्ष्येने त्यांनी गोठ्यातले ताजे शेण दोन गाड्या आणवून झाडांच्या बुंध्याशी थापले, वर पेंड चुरून घातली. कुंपणापलीकडून गोजराबाईने ते पाहिले. अपमान झाला होता, पण झाडांनी काय केले होते? तिला राहवेना.

"पंत, कच्च्या शेनाला लई ऊब असती. मुळं भाजत्याल. मुरू द्या त्याला, मग घाला."

"आता तू मला शिकवणार?" पंत म्हणाले. "जा, भांडी घास!"

आठ-दहा दिवसांत वांग्यांची पाने कडेने करपली. पंतांनी पाण्यावर पाणी घातले. झाडे माना टाकत गेली. पंतांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. आज सुधारेल, उद्या सुधारेल, असे करत बाजाराचा वारही हातचा गेला. भंडारा उद्यावर आला. चार गावची माणसे जेवायला येणार आणि कोठीत डाळ-तांदळाखेरीज काही नाही!

नेमके त्याच दिवशी दुपारी महाराज परतले. ताटावर बसले, वरणभात पाहिला आणि म्हणाले, "आज गोजराबाईंनी काही पाठवलं नाही?"

पंतांनी मोठ्या सात्त्विकपणे सगळी हकीकत सांगितली. महाराजांनी ऐकून घेतले आणि हातातला घास ताटात ठेवला. "बरं. उद्याच्या भाजीची तयारी झाली का?" त्यांनी विचारले. पंतांची मान खाली गेली. महाराज ताटावरून उठले आणि करपलेल्या बागेच्या कडेने तडक मठामागे चालू लागले; पंत मागोमाग निघाले.

तिथे पंतांनी धाडलेला गडी फावडे घेऊन खड्ड्यापाशी उभा होता आणि गोजराबाई त्याच्यासमोर हात जोडून म्हणत होती, "दादा, तेवढी तीन फळं उतरू दे रं, मग घाल माती." महाराजांना पाहताच तिचा बांध फुटला. तिने तिथूनच माथा टेकला.

"महाराज, माझं चुकलं का? म्या देवाला उष्टं चारलं का?"

महाराज खाली वाकले. त्यांनी खड्ड्यातले काळेभोर खत ओंजळीत घेऊन नाकाशी नेले आणि डोळे मिटले. मग ओंजळ पंतांपुढे धरली. "विसाजी, वास घे."

पंतांनी श्वास कोंडून धरला. पण किती वेळ धरणार? शेवटी घ्यावाच लागला. घाणीचा लवलेश नव्हता! पावसाने नुकतीच भिजलेली माती असावी, तसा तो वास होता.

"तू बागेला शेण घातलंस," महाराज म्हणाले. "गाईच्या पोटातून आलेलं तुला चाललं. मग मातीच्या पोटातून आलेलं का चालू नये? मातीनं एकदा पोटात घेतलं की तिथं उष्टं उरत नाही, बाबा. फक्त तिला वेळ द्यावा लागतो. तो या माऊलीनं दिला. तू दिला नाहीस." मग ते गोजराबाईंकडे वळले. "उद्या पाहुणे आहेत. तुमच्या वेलावर काही आहे का हो?"

"तीनच हायेत, महाराज," ती संकोचून म्हणाली. "पर समदे घ्या."

"तीन कुणाकुणाला पुरणार!" पंत पुटपुटले.

"बघू तरी," महाराज म्हणाले.

गडी खोपटावर चढला. त्याने पहिला भोपळा उतरवला, दुसरा उतरवला, तिसरा उतरवला. पान बाजूला केले तर चौथा! पाचवा कुडाआड होता, सहावा वळचणीला. गोजराबाई बघतच राहिली. रोज सकाळी ती या वेलाला हात लावून बघत होती. हे कुठे होते? अंगणात भोपळ्यांची रास लागली. स्वयंपाकी धावत आला आणि ओरडला, "पुरे, पुरे! आता भांडी पुरायची नाहीत!" तेव्हा गडी थांबला. त्याने वर पाहिले आणि तो जागीच खिळला. वेलावर तीन भोपळे होते. गोजराबाईने मोजलेले, तेच तीन!

महाराजांची लीला! तिथे बुद्धीने काय करावे?

"भोपळ्याला पहिली चीर बाप्यानं द्यायची असते," महाराज हसून म्हणाले. "विसाजी, घे विळी." पंतांनी भोपळा चिरला. आतून टपोऱ्या बिया ओघळल्या. त्यातली एक महाराजांनी उचलली. "ओळखलीस? गेल्या भंडाऱ्याला तूच भोपळ्याची भाजी करवली होतीस. पत्रावळीला चिकटून एक बी या खड्ड्यात आली. तुमच्याच पंगतीचं अन्न या बाईंनी तुम्हाला परत दिलंय."

आता मात्र पंतांना उभे राहवेना. ते महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. पण महाराज बाजूला सरले आणि पंतांचे कपाळ खड्ड्याच्या काठावर टेकले. उठले तेव्हा गंधाच्या जागी काळे खत लागले होते. त्यांनी पुसायला उपरणे उचलले.

"असू दे," महाराज म्हणाले. पंतांनी उपरणे खाली सोडले.

दुसऱ्या दिवशी आधी पादुकांना भोपळ्याच्या भाजीचा नैवेद्य झाला, मग पंगती बसल्या. शेवटची पंगत उठली तशी गोजराबाई पाटी घेऊन पत्रावळी गोळा करायला आली. पाहते तो विसाजीपंत कमरेत वाकून पत्रावळी उचलत होते.

"पंत, पत्रावळी झटकू नगा हं," ती हळूच म्हणाली. "बी असंल एखादी."

"नाही झटकत, आई," पंत म्हणाले आणि त्यांनी पाटी डोक्यावर घेतली.