पोपटी स्कूटर आणि बसमावशी

गाड्या आपापसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका शहरात पोपटी रंगाची नवीकोरी स्कूटर होती. तिची मालकीण कुंदाही नुकतीच चालवायला शिकलेली. पहिल्याच दिवशी दोघी जीव मुठीत धरून मोठ्या चौकात शिरल्या.

डावीकडून रिक्षा घुसली, उजवीकडून टेम्पो. कुंदा गोंधळली आणि भर चौकात स्कूटर बंद पडली. तेवढ्यात मागून लाल बस कर्कश हॉर्न देत आली. "बाजूला हो! बाजूला हो!" स्कूटरला वाटलं, संपलं आता. तिची चाकं जागची हलेनात. कुंदाने तर डोळेच मिटून घेतले.

बस करकचून थांबली, अगदी वीतभर अंतरावर.

"मावशी, एवढ्या का ओरडता?" स्कूटर रडवेली होऊन म्हणाली. "मी आधीच घाबरलेय."

बसला धाप लागली होती. "आणि मी नाही का घाबरले, पोरी? पोटात एवढी माणसं घेऊन मला पटकन थांबता येत नाही. तू माझ्याखाली येतेस की काय, या भीतीनंच मी किंचाळले."

एवढ्या थोरल्या बसलाही भीती वाटते, हे स्कूटरला ठाऊकच नव्हतं.

कुंदाने डोळे उघडून पुन्हा बटण दाबलं. स्कूटर सुरू झाली. धडधड काही थांबली नव्हती, तरी ती मुंगीच्या पावलांनी पुढे निघाली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून एकच कल्ला केला. बस मात्र त्या सगळ्यांना आपल्या पाठीशी अडवून, चकार शब्द न काढता, स्कूटरच्या मागे तितक्याच हळू चालत राहिली. पार चौक ओलांडेपर्यंत.