चिचुंद्रीचा शेंगदाणा आणि राजांची बोटं

एक होती चिचुंद्री. तिला मिळाला एक शेंगदाणा. एकच. ती खायला बसली, तर शेंगदाणा निसटला. गडगड गडगड गेला आणि भोपळगडच्या तोफेखाली अडकला.

चिचुंद्री म्हणाली, "तोफेताई, तोफेताई, सरक ना. शेंगदाणा निघेना."

तोफ म्हणाली, "मी नाही सरकत जा. शिपाई ढकलेल तर सरकेन."

चिचुंद्री निघाली. तुरु तुरु तुरु.

"शिपाईदादा, शिपाईदादा, तोफ ढकल ना. तोफ सरकेना, शेंगदाणा निघेना."

शिपाई म्हणाला, "मी नाही ढकलत जा. राजा बोलेल तर ढकलेन."

तुरु तुरु तुरु. भोपळराजा गच्चीवर बसला होता. दोन कानांत दोन बोटं. का? ओढ्यापलीकडे काकडगड. तिथेही तोफ. ती कधी वाजेल, नेम नाही. म्हणून सात वर्षं बोटं कानात. राणीच भरवायची, राणीच नाक पुसायची.

आता हा ऐकणार कसा? चिचुंद्री त्याच्या नाकात ओरडली, "भोपळराजा, भोपळराजा, शिपायाला सांग ना. शिपाई ढकलेना, तोफ सरकेना, शेंगदाणा निघेना."

राजा शिंकला. आक् छी. म्हणाला, "मी नाही बोलत जा. काकडराजा बोटं काढेल तर बोलेन."

तुरु तुरु तुरु. ओढा ओलांडला. काकडराजाही गच्चीवर. त्याचीही बोटं कानात. चिचुंद्री त्याच्याही नाकात ओरडली, "काकडराजा, काकडराजा, बोटं काढ ना. भोपळराजा बोलेना, शिपाई ढकलेना, तोफ सरकेना, शेंगदाणा निघेना."

आक् छी. "मी नाही काढत जा. आधी त्याने काढावी."

"तो म्हणतो, आधी तू."

"मग बसू दे."

चिचुंद्री रडायला लागली. चूं चूं चूं. शेजारी काकडराणी काकडी चोचवत होती.

"काकडराणी, काकडराणी, काहीतरी कर ना. काकडराजा बोटं काढेना, भोपळराजा बोलेना, शिपाई ढकलेना, तोफ सरकेना, शेंगदाणा निघेना."

राणी म्हणाली, "सात वर्षं ह्यांना भरवतेय. माझे हात काय वाटेवर पडलेत?" तिने वाटीभर कोशिंबीर केली. "जा, भोपळगडाला देऊन ये."

वाटी निघालेली बघून राजा म्हणाला, "आपण आधी? आणि त्यांनी वाटी ठेवून घेतली तर?"

"तर वाटी गेली. गड नाही गेला."

डोक्यावर वाटी. डुगु डुगु डुगु.

भोपळराजाने वास घेतला. "विष असेल. शिपाया, चाख." शिपायाने चाखलं. मान हलवली. कळेना. परत चाखलं. अजून कळेना. परत चाखलं. राजाला राहवेना. टुप. एक बोट काढलं, वाटी ओढली, चाटून साफ केली.

भोपळराणी म्हणाली, "आता रिकामी वाटी धाडता? शेजारणीची वाटी रिकामी जात नसते, कळलं?" तिने वाटीत भोपळ्याचे घारगे भरले.

डुगु डुगु डुगु.

काकडराजाने पलीकडे पाहिलं. त्याचं एक बोट बाहेर? मग टुप. ह्याचंही एक. पण घारगा एका हाताने मोडेना. टुप. दुसरंही. पलीकडे भोपळराजाने पाहिलं. टुप. त्याचंही दुसरं.

सगळ्यांनी कान टवकारले. तोफ वाजते का? नाही वाजली. काकडराणीने काकडगडच्या तोफेत केव्हाच कांदे भरून ठेवले होते.

मग काकडराजाने बोटं काढली, म्हणून भोपळराजा बोलला. राजा बोलला, म्हणून शिपायाने ढकललं. शिपायाने ढकललं, म्हणून तोफ सरकली. तोफ सरकली आणि शेंगदाणा निघाला.

चिचुंद्रीने फुंकर मारली. फू.

राजे म्हणाले, "एवढ्याशा शेंगदाण्यासाठी एवढं?"

"माझं जेवण होतं ते," चिचुंद्री म्हणाली. कुटुम कुटुम.

चिचुंद्रीचं पोट भरलं, गोष्टीचं तोंड मिटलं.