कडी लागलीय, काका

डोंगराच्या पायथ्याशी, बांबूच्या बेटांआड एक गाव होतं. त्या गावात एक म्हातारा पंडित राहत असे. तरुणपणी तो दूरदेशी जाऊन शिकून आला होता. व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, साऱ्या पोथ्या त्याने वाचल्या होत्या. पण स्वतःवर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी तिथी विचारली तर म्हणायचा, "उद्या एकादशी. बहुतेक." मग घरी जाऊन पंचांग बघायचा आणि धापा टाकत परत येऊन सांगायचा, "हो, उद्याच. बहुतेक." हळूहळू लोकांनी त्याला काही विचारणंच सोडून दिलं.

त्याची सगळ्यांत मोठी शंका होती ती दाराच्या कडीची. देवळात जायला निघाला की रस्त्यावरच्या चिंचेपर्यंत जायचा आणि थबकायचा. कडी लावली का आपण? की परत मागे. कडी लावलेलीच असायची. पुन्हा निघायचा, पुन्हा चिंचेपाशी पाय अडायचे.

शेजारच्या घरात टोपल्या विणणारी एक बाई राहायची. ओसरीवर बांबू फाडत बसली की तिला हा खेळ रोज दिसायचा. एक दिवस न राहवून तिने हाक दिली, "कडी लागलीय, काका! मी बघितलीय. जा खुशाल."

पंडित गेला. त्या दिवशी प्रथमच त्याची आरती चुकली नाही, म्हणून देवाच्या आधी त्याने त्या बाईला मनात नमस्कार केला.

मग रोजचंच झालं. पंडित चिंचेपाशी थांबायचा आणि हाक यायची, "कडी लागलीय, काका!" कधी ती चिडवायचीही, "अहो, चोर आला तरी नेणार काय तुमच्या घरातून? पोथ्याच ना? वाचत बसेल बिचारा आणि सापडेल!" पंडित हसायचा. तेवढी एक हाक त्याला दिवसभर पुरायची.

या गावाची एक रीत होती. कुणाला लागलं-खुपलं की सारं गाव भेटायला जायचं, आणि भेटायला गेलेल्याने जखम स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. ज्याला लागलंय त्याने फडकं सोडून दाखवायची. न बघता परतणं म्हणजे तोंडदेखली चौकशी. "आली, पण साधं बघितलंसुद्धा नाही गं तिने," एवढ्यावरून जावाजावांत अबोले धरले जायचे.

एके दुपारी पंडित निघाला, चिंचेपाशी थांबला आणि हाकेची वाट बघू लागला. हाक आली नाही. किंकाळी आली.

ओल्या बांबूच्या पेरावर बाईची कोयती घसरली होती आणि डाव्या मनगटाच्या वर खोल उतरली होती. रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. पंडित धावत आला आणि ओसरीच्या पायरीवरच गोठला. काय करायचं ते त्याने वाचलं होतं. केलं मात्र कधीच नव्हतं. आपलं चुकलं तर? त्याने दुसरं कुणी दिसतंय का म्हणून रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"काका," बाई पांढरी पडत म्हणाली, "काहीतरी करा हो. हात गेला तर मी विणू कशाने?"

पंडिताने तिला आडवं केलं. बांबूची चोय तुटून आत रुतलेली नाही ना, एवढं एकदाच पाहिलं. खांद्यावरचं धुतलेलं उपरणं काढलं, जाड घडी केली आणि जखमेवर ठेवून तळव्याने घट्ट दाबलं. तिचा हात त्याने छातीच्या वर उचलून धरला.

तोवर गाव गोळा झालं. बाईची सासू हळदीची वाटी घेऊन धावली. कुणी तंबाखू मळत आला, कुणी चुना आणला.

"काका, जरा सोडा. हळद दाबते आत," सासू म्हणाली.

"नको. आत काही भरायचं नाही."

"मग बघू तरी द्या! माझी सून आहे ती. किती लागलंय ते बघायचंही नाही का मी?"

"बघायचंही नाही."

मागून पाटील आले. ते आले की माणसं आपोआप बाजूला व्हायची, आणि सगळ्यांत आधी पंडित व्हायचा. "पंडित, सरका. एकदा डोळ्यांखालून घालू द्या. बघितल्याशिवाय का कुणी पुढचं ठरवतं?"

आज पंडित जागचा हलला नाही. "पाटील, हात उचलला की रक्त पुन्हा उसळेल. बहुतेक... नाही, उसळेलच. तुम्ही डोलीचं बघा. हिला खिंडीपलीकडच्या वैद्याकडे न्यायला हवं."

पाटलांना आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. पण डोलीसाठी माणसं पळाली.

आणि मग पंडिताच्याच मनाने उचल खाल्ली. थांबलंय का रक्त? की आपण भलत्याच जागी दाबतोय? जरा एक टोक उचलून बघावं. फक्त एकदा. त्याचा अंगठा घडीच्या कडेकडे सरकू लागला.

बाईचे डोळे अर्धे मिटले होते. पण काकांचा तो चेहरा तिने चिंचेपाशी रोज पाहिला होता. ती पुटपुटली, "काका... कडी लागलीय."

अंगठा जागच्या जागी थांबला. पंडिताने डोळे मिटले आणि आणखी जोराने दाबलं.

थोड्या वेळाने उपरणं भिजून लाल वर आलं. पंडित म्हणाला, "पाटील, फेटा द्या. हे काढायचं नाही. ह्याच्याचवर बांधायचं."

गावात पाटलांचं उघडं डोकं कुणी पाहिलं नव्हतं. पाटलांनी एकवार त्या रक्ताकडे पाहिलं आणि फेटा सोडून पुढे केला.

डोली निघाली. खिंडीची चढण, पंडिताचे गुडघे म्हातारे. अंगावर घोंगडी पांघरून बाई डोलीत निजलेली, आणि तो बाजूने फेट्यावर तळवा दाबून चाललेला. अर्ध्या चढावर त्याची बोटं बधिर झाली. आता सुटणार, असं त्याला वाटलं, तोच एक सुरकुतलेला हात त्याच्या हातावर येऊन बसला. सासूचा होता तो.

"कसं धरू, सांगा. बघत नाही मी," ती रडत म्हणाली.

"असंच वरून दाबा. मी माझा हात खालून हळूच काढून घेतो."

पुढे सासूच्या हातावर पाटलांचा हात आला, पाटलांच्या हातावर तंबाखूवाल्याचा. जखम कुणीच पाहिली नाही आणि दाब कुठेच सुटला नाही.

वैद्याने सारं उलगडून पाहिलं. "मध्ये कुणी हे उचललं होतं का?"

"नाही," चौघे एकदम म्हणाले.

"म्हणून ही माझ्यापर्यंत जिवंत आली," असं म्हणून वैद्याने सुई हातात घेतली.

हात वाचला. बोटं वळू लागली तशी बाईने ज्या ज्या हातांनी दाब धरला होता त्यांच्या घरी एकेक परडी विणून दिली. पंडिताकडे आली आणि पायाशी वाकली. तो गडबडून मागे सरला.

"अगं पोरी, पाया कसली पडतेस? मी उचलणारच होतो ते फडकं. तू अडवलंस म्हणून वाचलीस. नमस्कार मीच करायला हवा."

"मी नुसती हाक दिली, काका," ती हसून म्हणाली. "दार तर तुम्हीच धरून बसला होतात."

त्या गावात आजही कुणाला लागलं की माणसं धावत येतात. पण "बघू, बघू" म्हणत नाहीत. "कुठे हात लावू?" असं विचारतात. पारावर बसून पंडित पोराबाळांना घडी कशी धरायची ते शिकवतो.

एकादशी मात्र त्याच्या लेखी अजून बहुतेकच असते. आणि देवळात जाताना तो चिंचेपाशी थांबतोच. कडी लागलेली आहे हे त्याला आता ठाऊक असतं. तो फक्त हाक यायची वाट बघतो, ती आली की वळून हात जोडतो आणि पुढे जातो.

तात्पर्य: जखमेवर हात ठेवावा तो रक्त थांबवायला, आपली शंका फेडायला नव्हे, आणि आपला हात थकला तर त्यावर दुसऱ्याचा हात येऊ द्यावा.