तलवार-फायनल-खरी

"मग या नावांना नियम तरी कुठला होता, मास्तर?"

शार्दूलने लॅपटॉप मास्तरांच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर जुनी यादी होती. तलवार. तलवार-नवी. तलवार-नवी-२. तलवार-फायनल. तलवार-फायनल-खरी.

"नियम कसला?" कुंभोजकर मास्तर म्हणाले. "घाई होती."

शार्दूल गालातल्या गालात हसला. त्याला हेच ऐकायचं होतं.

मास्तर गडहिंग्लजच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं लेथ शिकवून निवृत्त झालेले. 'घाटमाथा' हा लढायांचा खेळ काढणाऱ्या कंपनीने तो केव्हाच वाऱ्यावर सोडला होता. मास्तरांनी आणि त्यांच्या अन्वर नावाच्या मित्राने मात्र त्यात आपल्या पदरची शस्त्रं घालून तो बारा वर्षं जिवंत ठेवला. खेळात अशी घरची भर घातली की तिला मॉड म्हणतात. अन्वर चार वर्षांपूर्वी गेला, मास्तरांचे डोळे अधू झाले, आणि आता मॉडचा कारभार कुणाच्या हाती द्यायचा हे ठरायचं होतं.

ते ठरल्यातच जमा आहे, अशी शार्दूलची पक्की खात्री होती. तो कोल्हापुराहून शर्टाला इस्त्री करूनच आला होता.

"आता हे बघा."

दुसरी यादी आली. दोनशे बारा शस्त्रं. आधी प्रकार, मग घडण, मग आवृत्तीचा आकडा. सगळी कवायतीला उभी केल्यासारखी एका रांगेत.

"तीन महिने खपलो. जुनं नाव एकही ठेवलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"सुंदर आहे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, उगाच नाही.

"संध्याकाळी सगळ्यांसाठी सोडतो. नऊशे जण वाट बघतायत. तेवढा कारभार माझ्या नावावर केलात की..."

"तपासलंस?"

"चाळीस वेळा."

"कसं?"

"नवा डाव सुरू करून. दर वेळी अगदी पहिल्यापासून."

"हं..."

पंखा फिरत होता. मास्तरांनी टेबलावरचा आपला जुना संगणक चालू केला.

"यात घाल."

शार्दूलने उत्साहाने घातलं. "नवा डाव उघडू?"

"नको. माझा उघड."

मास्तरांचा डाव बारा वर्षांचा होता. शार्दूलने त्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. तो उघडायला वेळ लागला. मग बुरूज दिसला, बुरुजावर पांढऱ्या दाढीचा शिलेदार दिसला. उजवा हात उगारलेला, मूठ घट्ट आवळलेली.

मुठीत काही नव्हतं.

शार्दूलने डोळे बारीक केले. डाव बंद करून पुन्हा उघडला. शिलेदार तसाच, रिकामी मूठ उगारून शत्रूची वाट बघत उभा.

"अरेच्चा..."

आणि मग त्याच्या लक्षात आलं. जपून ठेवलेल्या डावात खेळ तलवार ठेवतच नाही, फक्त तिचं नाव आणि तिच्यावर पडलेल्या खाचा लिहून ठेवतो. डाव उघडला की त्या नावाची तलवार शोधतो. सापडली तर हातात देतो, नाही सापडली तर मुकाट्याने पुढे जातो. शार्दूलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नवा डाव उघडणाऱ्याच्या हातात जुनं काही नसतंच, त्यामुळे चाळीस वेळा तपासूनही त्याला ते दिसलं नव्हतं.

"कुठली तलवार होती, मास्तर?"

"अन्वरची. त्यानंच घडवली, त्यानंच या हातात दिली. तलवार-फायनल-खरी."

शार्दूलचा चेहरा उतरला. हसला होता तो याच नावाला.

"काही बिघडलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "मी जुनं नाव परत घालतो, तलवार परत येईल. तुम्ही फक्त डाव जतन करू नका. असा जतन केलात तर आत लिहिलेलं सगळंच पुसलं जाईल, मग देव आला तरी..."

मास्तरांनी 'जतन करा'वर बोट ठेवलं.

"मास्तर!"

त्यांनी दाबलं.

...

"दुसरीकडे प्रत आहे ना?" शार्दूलने विचारलं.

"नाही."

बाहेर एसटी गेली, खिडकीची तावदानं थरथरली. शार्दूलला रडू येईलसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"मी तश्शीच नवी देतो तुम्हाला. दोन मिनिटांचं काम."

"दे."

त्याने दिली. शिलेदाराच्या मुठीत तलवार आली. तीच लांबी, तीच मूठ, तोच बाक. पात्यावर मात्र एकही खाच नव्हती. घाटमाथ्यात दर लढाईला पात्यावर एक बारीक खाच पडते, आणि जुन्या पात्याला बारा वर्षांच्या खाचा होत्या.

मास्तर पडद्याजवळ वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"झकास आहे," ते म्हणाले. "कुणाची?"



शार्दूल उठला नाही, की माफी मागत बसला नाही. त्याने लॅपटॉप ओढला आणि कामाला लागला. दोनशे बारा जुनी नावं एकेक करून जागच्या जागी घातली. नवी, नवी-२, फायनल, खरी, सगळी. आपली सुबक नावं त्याने फक्त खेळाडूंना दिसणाऱ्या पाट्यांवर ठेवली. खेळ आतून ज्या नावाने हाक मारतो, त्याला बोट लावलं नाही. मास्तरांनी दोनदा चहा केला. दोन्ही कप निवले.

दुपार कलली तेव्हा त्याने या वेळी स्वतःचा जुना डाव उघडला. भाला हातात होता. मग ओळखीच्या तिघांकडून त्यांचे जुने डाव मागवले, तेही उघडले. तिघांच्याही हातात आपापलं शस्त्र होतं.

"झालं," तो म्हणाला. "आता हे बिनघोर सोडा. नऊशेतल्या एकाचंही काही जाणार नाही."

"आणि कारभार?"

शार्दूलने लॅपटॉप मिटला. सकाळी कारभार मागताना त्याची जीभ अडखळली नव्हती. आताही अडखळली नाही.

"माझ्या नावावर करू नका. माझ्याहून शहाणा कुणीतरी बघा."

"बघतो की. पण तो आला, म्हणजे त्यालाही हे शिकवावं लागणार." मास्तरांनी कागदावर कारभाराचा पासवर्ड लिहिला आणि कागद त्याच्याकडे सरकवला. "आणि माझ्याकडे आता दुसरी तलवार नाही."