उदमांजर आणि त्रेचाळीस बदके

बाली नावाच्या बेटावर डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत. त्या खाचरांच्या वरच्या अंगाला, कळकाच्या एका बनात, एक उदमांजर राहत असे. मुलांनो, तुम्ही उदमांजर पाहिले नसेल, तर मांजराएवढे अंग, मुंगसासारखे तोंड आणि भलीमोठी शेपूट एवढे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. आता त्यात थोडा शिष्टपणा घाला. कारण या उदमांजराला कॉफीची पिकलेली लाल फळे फार आवडत, आणि ती खाऊन ते जी शी करी, ती तिथले लोक टोपलीत वेचून घरी नेत. त्यातल्या बिया धुऊन, भाजून ते त्यांची कॉफी करीत. उदमांजराला हे कोण सांगणार? त्याने आपले ठरवूनच टाकले होते, की ज्याची शीसुद्धा माणसे जपून नेतात, तो या बेटावरचा कोणीतरी फार मोठा असला पाहिजे.

त्या वर्षी मात्र कॉफीची फळे लवकर संपली. तीन दिवस झाले, उदमांजराच्या पोटात एक दाणा नव्हता, आणि मोठेपणाने काही पोट भरत नाही. ते बनातून खाली बघत बसले, तर खालच्या खाचरात बदकेच बदके! भात कापून झाला होता, खाचरात पाणी सोडले होते, आणि सांडलेले दाणे नि गोगलगायी वेचायला पेकाक रेंता आपली बदके घेऊन आले होते. पेकाक म्हणजे त्यांच्याकडचे आजोबा. या आजोबांची बदके राखायची रीत त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली होती. सकाळी ते एक लांब काठी चिखलात रोवत. काठीच्या टोकाला काथ्याच्या सैल फासाने एक पांढरे फडके निशाणासारखे बांधलेले असे. काठीच्या बुडाशी ते पानाच्या द्रोणात चार फुले नि चिमूटभर भात ठेवत, हात जोडत आणि खुशाल गावात निघून जात. ना राखण, ना कुत्रे. बदके दिवसभर त्या फडक्याच्या आसपासच चरत. संध्याकाळी आजोबा काठी उपटून खांद्यावर घेत, की सगळी बदके त्या फडक्यामागे रांगेने घरी जात, आणि घरी गेल्यावर त्यांना कालवलेला कोंडा मिळे.

उदमांजर बांधावर जाऊन बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, की माझ्या बनात गोगलगायी कशा लिंबाएवढ्या आहेत, जरा येऊन तर बघा. बदकांतली सगळ्यांत म्हातारी बदकीण मानही न वळवता म्हणाली, "अरे, असतील. पण निशाण इथे आहे."

त्याने नाना परीने सांगून पाहिले. उत्तर एकच. उदमांजर आधी चिडले, मग त्याला हसू फुटले. काय ही बावळट जात! खायला दिलेले सोडून फडक्याला चिकटून बसते! आणि हसता हसताच त्याच्या डोक्यात आले, की ही जर फडक्यामागे जातात, तर फडके माझ्या बनात असले म्हणजे झाले. मग रोज एक बदक खायचे, सणावाराला दोन. पावसाळा संपेपर्यंत बघायला नको.

त्या दिवशी देवळाच्या उत्सवासाठी कमानी बांधायच्या होत्या, म्हणून आजोबा नि सगळे गाव देवळापाशी गुंतलेले होते. भर दुपारी उदमांजर सरसर काठीवर चढले. काठी होती बारीक, ती वाकली. त्याने फडक्याच्या काथ्याच्या फासात डोके घालून गाठ दातांनी ओढायला सुरुवात केली. गाठ सुटली नाही, पण काथ्या टोकावरून निसटला, काठी सटकन सरळ झाली आणि उदमांजर धप्पदिशी चिखलात पडले. उठून बघते तो फडके गळ्यात! पाण्यात त्याला आपले रूप दिसले. ते त्याला फारच आवडले.

समोर त्रेचाळीस बदके माना उंच करून त्याच्याकडे बघत होती. ते एक पाऊल पुढे गेले, बदके एक पाऊल पुढे आली. मग काय, पुढे उदमांजर आणि मागे बदकांची रांग, अशी मिरवणूक बांधाबांधाने बनात पोचली. वाटेत त्याने सगळ्यांत लठ्ठ बदक कोणते, हेही बघून ठेवले.

बनात आल्यावर ते वळले आणि त्या लठ्ठ बदकावर झेप घेणार, तोच सगळी बदके एकदम ओरडू लागली. निशाण घरी पोचले म्हणजे कोंडा मिळायचा, ही त्यांची जन्माची सवय. आज निशाण दुपारीच घरी आले होते, म्हणून तर त्यांना आनंद मावेना. उदमांजराने झेप घेतली, तशी बदकांना वाटले, की वाढायला सुरुवात झाली. बाकीची बेचाळीस बदके त्याच्या अंगावरून धावली. कोणी मिशा उपटून पाहिल्या, कोणी कानात चोच घातली, कोणी शेपटीखालीसुद्धा कोंडा शोधला. लठ्ठ बदक कुठे गेले, ते त्याला दिसलेही नाही.

उदमांजर कसेबसे सुटून पळाले. बदके मागोमाग. ते करवंदीसारख्या काटेरी जाळीत शिरले, तर बदकांनी जाळीला वेढा घातला. ते फडके पंजांनी ओढू लागले, पण ओलावलेला काथ्या आणखीच आवळला. लपूनछपून शिकार करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या मागे आता भर दुपारी त्रेचाळीस ताशे वाजत होते. खालून, गावातून, कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येऊ लागले. ते जवळच्या फणसावर चढले. बदके बुंध्याशी जमली आणि वर बघून दुप्पट ओरडू लागली.

आता काय करावे? बिचाऱ्याने शेवटी खरे बोलून पाहिले. "अगं बाई, मी उदमांजर आहे! तुम्हांला खायला म्हणून इथे आणलं होतं मी! जीव घेऊन पळा!"

म्हातारी बदकीण अदबीने म्हणाली, "असेल हो. पण निशाण आपल्या गळ्यात आहे. कोंडा कुठे ठेवलाय तेवढं सांगा."

इतक्यात कुत्री आली, त्यांच्यामागून पेकाक रेंता कोंड्याचे घमेले नि खाचरातली काठी घेऊन आले, आणि त्यांच्यामागून कमानी टाकून अर्धा गाव आला. आजोबांनी घमेले वाजवले. एकही बदक वळले नाही. निशाण वर होते, म्हणून सगळ्यांच्या माना वर होत्या. फणसावर बसलेला तो चिखलाने माखलेला पुढारी बघून लोकांना हसू आवरेना. आजोबाही हसले, पण मनातून घाबरले होते. त्यांनी बदके एकदा मोजली, पुन्हा मोजली, आणि त्रेचाळीस भरली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी काठीच्या टोकाने गळ्यातला काथ्या अडकवून जोरात ओढला. फडके निघाले, आणि त्याबरोबर उदमांजराच्या मानेवरचे केसही गोल उपटून आले. ते केकाटत पलीकडच्या झाडावर उडाले, तिथून कळकावर, आणि कुत्र्यांना चुकवत डोंगरापलीकडे पसार झाले. आजोबांनी फडके पुन्हा काठीला बांधले. बदके मुकाट्याने त्यामागून चालू लागली.

उदमांजराचा जीव वाचला खरा, पण मानेवरचे केस काही पुन्हा उगवले नाहीत. तिथे पांढरट कातडीचा एक पट्टा कायमचा राहिला. पुढे एकदा, पुष्कळ दिवसांनी, ते दुसऱ्याच गावच्या खाचराजवळून दबकत चालले होते. तिथली एक परकी बदकीण चरता चरता थांबली. तिने मान उंच करून त्या पट्ट्याकडे नीट पाहिले आणि त्याच्या दिशेने एक पाऊल टाकले. उदमांजर जे पळत सुटले, ते त्या डोंगरातही पुन्हा कोणाला दिसले नाही.

तात्पर्य : पुढारीपणाचे निशाण चोरून आणता येते, पण मागून येणाऱ्यांचे पोट भरणे ज्याला जमत नाही, त्याची त्यांच्याच हातून फजिती होते.